लॅपटॉप ६० हजारांचा, भोक ४० हजारांचं

प्रश्न: मी इंदूरला राहते, वय २९. सियागंज आणि सांवेर रोडवरच्या पाच-सहा व्यापाऱ्यांचं टॅली आणि जीएसटीचं काम करते. महिन्याला ३५,००० सुटतात. आईचा खर्च माझ्यावरच आहे. जुना लॅपटॉप १५.६ इंची, सव्वादोन किलोचा. ॲक्टिव्हावरून रोज वागवणं जमत नाही. छोटा, हलका घ्यायचाय, बजेट ६०,०००. जुना एम१ मॅकबुक एअर घेऊ की १४ इंची विंडोज? कार्डावर ९ महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर घेईन म्हणते, म्हणजे साठवलेले ७०,००० शाबूत राहतील. त्यातून पुढच्या महिन्यात पॉलिसीचा ६०,००० चा तिसरा हप्ता जायचाय. दहा वर्षं भरायचंय, मग पहिल्या हप्त्यापासून बारा वर्षं झाली की दरवर्षी १,०८,००० असे दहा वर्षं मिळणार, म्हणजे ८० टक्के जास्त. शिवाय टॅक्स वाचतो. गेल्या वर्षी हप्ता भरल्यावर हात आखडला, तेव्हापासून कार्डावर ८२,००० आहेत. पण मिनिमम ड्यू एकदाही चुकवलं नाही, बँकेनं लिमिटही दीड लाख करून दिलंय.

उत्तर: लॅपटॉपचं शेवटी बोलू. तुमच्या पत्रात तो सगळ्यात स्वस्त विषय आहे.

मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान रक्कम, वेळेवर भरलं की दंड लागत नाही आणि खातं थकीत दिसत नाही. एवढाच त्याचा उपयोग. व्याज चालूच राहतं. कार्डाचं व्याज साधारण महिन्याला ३.५ टक्के, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४.१ टक्क्यांच्या आसपास. तुमच्या स्टेटमेंटवर ओळ असेल, बघा. मिनिमम ५ टक्के धरलं तर तुम्ही ४,१०० भरता, त्यातले सुमारे ३,४०० व्याजात जातात आणि मुद्दल कसंबसं ७०० नं हलतं. या वेगानं, एक रुपयाची नवी खरेदी न करता, ८२,००० चे ४१,००० व्हायला पाच वर्षांहून जास्त लागतील. वर्षाचं व्याज ३८-४० हजार. ज्या ६०,००० च्या लॅपटॉपसाठी तुम्ही इतका विचार करताय, त्याच्या दोन-तृतीयांश रक्कम दरवर्षी अशीच जातेय. आणि मागची बाकी शिल्लक असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. किराणा स्वाइप केला की त्याच दिवसापासून मीटर सुरू.

लिमिट दीड लाख झालं याचा आनंद मानू नका. दरमहा तीन हजारांवर व्याज बिनबोभाट देणारं गिऱ्हाईक कोणत्या बँकेला नको असेल? त्यावर ६०,००० चा लॅपटॉप घेतलात की १,४२,००० लागलेले दिसतील, म्हणजे लिमिटच्या ९५ टक्के. तारखा कितीही पाळल्या तरी एवढं भरलेलं कार्ड सिबिल स्कोअरला खाली ओढतंच.

आता नो-कॉस्ट ईएमआय. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेनं २०१३ साली बँकांना बजावलं होतं. त्यानंतर नाव बदललं, हिशेब तोच राहिला. बँक व्याज लावते आणि तेवढी सूट विक्रेता किमतीत आधीच दाखवतो. त्या व्याजावरचा जीएसटी मात्र तुमच्याच माथी. ६०,००० वर ९ महिन्यांचं १६ टक्क्यांनी व्याज सुमारे ४,०००. जीएसटी सातशेच्या वर, प्रोसेसिंग फी जीएसटीसकट दोन-अडीचशे. झाले हजार. रोखीनं घेताना दुकानदार जे हजार-दोन हजार सोडतो, तेही गेले. हे परवडलं असतं. खरी अडचण पुढे आहे: ईएमआयचा ६,६७० चा हप्ता मिनिममच्या ५ टक्क्यांत बसत नाही, तो पूर्ण मिनिमममध्ये मिळवला जातो. म्हणजे ४,१०० चं मिनिमम पावणेअकरा हजारांवर जाईल. पॉलिसीसाठी महिन्याला ५,००० बाजूला टाकता ते धरले तर ३५,००० तले पावणेसोळा हजार हलायच्या आतच गेले. एक व्यापारी पैसे द्यायला पंधरा दिवस उशीर करील आणि मिनिममही चुकेल.

पण कार्ड भरलं कशामुळे? तुम्हीच लिहिलंय: हप्ता भरल्यावर हात आखडला. म्हणजे पॉलिसी चालू ठेवायला घरखर्च कार्डावर गेला. वर्षाला जवळपास ५० टक्के व्याजानं उसने घेऊन त्या पॉलिसीत पैसे टाकले, तर ती देते किती?

‘८० टक्के जास्त’ हे वाक्य कुणी तुमच्या गळ्यात मारलं असेल ते असो, पण टॅलीत दहा रुपयांचा फरक रात्री जागून शोधणाऱ्या बाईनं ते मान्य करायला नको होतं. आज भरलेले ६०,००० बारा वर्षांनी १,०८,००० होऊन येतात, दुसरा हप्ता त्याच्या बारा वर्षांनी, तिसराही तसाच. ७२ ला १२ नं भागा: ६ टक्क्यांनी पैसे बारा वर्षांत दुप्पट होतात. तुमचे १.८ पट होतात, म्हणजे ५ टक्के. पीपीएफ २०२० पासून ७.१ टक्के देतंय. टॅक्स वाचतो म्हणाल, तर वर्षाला ४,२०,००० उत्पन्नावर जुन्या पद्धतीनं रिबेट धरून कर शून्य आणि नव्या पद्धतीनंही शून्यच. शून्यातून काय वाचवणार?

तेव्हा तिसरा हप्ता भरू नका. एजंटचा ‘पॉलिसी लॅप्स होईल’ असा फोन येईल. वार्षिक हप्ता भरायला तारखेनंतरही ३० दिवसांची मुदत असते, घाबरू नका. तो पॉलिसीवर कर्ज काढा म्हणेल किंवा नवा ‘चांगला’ प्लॅन दाखवेल, दोन्ही नको. विमा कंपनीकडून दोन आकडे लेखी मागा: आज सरेंडर केली, म्हणजे मुदतीआधीच बंद केली, तर किती मिळेल, आणि हप्ते थांबवून पेड-अप ठेवली तर पुढे काय मिळेल. अशा पारंपरिक पॉलिसीत दोन वर्षांचे हप्ते भरून झाल्यावर, तिसऱ्या वर्षी भरलेल्या हप्त्यांच्या निदान ३५ टक्के सरेंडर रक्कम मिळते. १,२०,००० वर ते ४२,००० होतात. पॉलिसी १ ऑक्टोबर २०२४ नंतरच्या नियमांतली असेल तर आकडा वर जाऊ शकतो. ७८,००० चा फटका जिव्हारी लागेल, पण अजून आठ हप्ते म्हणजे ४,८०,००० भरणं हा त्यावरचा इलाज नाही.

सरेंडरच्या अर्जावर सही करायच्या आधी मात्र एक काम. ‘८० टक्के’, ‘एफडीसारखंच आहे’ असं व्हॉट्सॲपवर कुणी लिहून पाठवलं असेल तर ते जपा आणि फसवून विकल्याची लेखी तक्रार कंपनीकडे करा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. मध्य प्रदेशासाठीचं कार्यालय भोपाळला आहे आणि तक्रारीला फी नाही. मान्य झाली तर पूर्ण १,२०,००० परत मिळायची शक्यता असते. पुरावा नुसता तोंडी असेल तर फार आशा धरू नका, महिन्याभरानं सरळ सरेंडर करा.

आई तुमच्यावर अवलंबून आहे, म्हणून सरेंडरआधी ५० लाखांचा साधा टर्म प्लॅन, म्हणजे नुसता मृत्यूचा विमा, घ्या. धूम्रपान न करणाऱ्या २९ वर्षांच्या बाईला तो वर्षाला साधारण सहा-सात हजारांत बसतो. पगाराची स्लिप नसल्यामुळे कंपनी आयकर रिटर्न मागेल, त्यामुळे कर शून्य असला तरी रिटर्न भरत जा.

आणि त्या ७०,००० पैकी ६०,००० आज कार्डात भरा. बचत खात्यात अडीच-तीन टक्क्यांवर पैसे ठेवून ५० टक्क्यांचं कर्ज फिरवण्यात काही शहाणपण नाही. राहिले २२,०००. मिनिममचे ४,१०० आणि पॉलिसीचे ५,००० मिळून महिन्याला ९,००० मोकळे होतात. तीन महिन्यांत कार्ड कोरं, सरेंडरचे पैसे यायची वाट बघायचीही गरज नाही. शेवटचा भरणा केल्यानंतरच्या स्टेटमेंटवर थोडं व्याज पुन्हा दिसेल. ती चूक नसते, स्टेटमेंटची तारीख आणि भरणा यांच्यामधल्या दिवसांचं ते व्याज असतं, तेही भरा. ऑटो-पे मिनिममवर लावलेलं असेल तर टोटल ड्यूवर करा.

आता लॅपटॉप. मॅकबुक बाद. टॅली मॅकसाठी बनतच नाही, आणि क्लाउडवर भाड्यानं चालवायची म्हणजे दरमहा आणखी एक हप्ता. एम१ एअरला दोनच पोर्ट, दोन्ही टाइप-सी. तुमचं डीएससी (डिजिटल सहीचं) टोकन जुन्या चौकोनी यूएसबीचं. प्रत्येक गिऱ्हाइकाकडे ॲडॉप्टर शोधत बसाल.

टॅली, एक्सेल आणि जीएसटी पोर्टल याला ६०,००० लागतही नाहीत. २८-३२ हजारांत कंपन्यांनी वापरून काढलेला, ११व्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचा १४ इंची बिझनेस लॅपटॉप घ्या: थिंकपॅड टी१४ जेन २ किंवा एलिटबुक ८४० जी८. वजन सव्वा ते दीड किलो, दोन्हींना जुने यूएसबी पोर्ट दोन-दोन, दोन्हींत रॅम वाढवता येते. लॅटिट्यूड ७४२० आणखी आटोपशीर, पण त्याची रॅम बोर्डावरच डकवलेली असते; तो घेतलात तर १६ जीबीचाच. आठव्या पिढीच्या आधीचं काहीही कितीही स्वस्त मिळालं तरी नको: त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. १३ इंचाच्या मोहात पडू नका, ताळेबंदाचे कॉलम बघताना डोळे जातील. छोट्या लॅपटॉपला नंबर पॅड नसतो, हे घरी आल्यावर कळतं. ५००-७०० रुपयांचा वेगळा यूएसबी नंबर पॅड त्याच दिवशी घ्या.

सिल्वर मॉल किंवा जेल रोडला जाल तेव्हा दुकानातच तीन गोष्टी करवून घ्या. विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढायला सांगा. मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांखाली असेल तर किंमत उतरवा किंवा बॅटरी बदलून मागा. बायोसला, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगला, पासवर्ड नाही ना, ते उघडून बघा. आणि तुमच्यासमोर विंडोज रिसेट करून इंटरनेटला जोडायला लावा: लॅपटॉप जुन्या कंपनीच्या नोंदीतून काढलेला नसेल तर तिथेच त्या कंपनीचं लॉगिन मागतो, आणि तो पुढे कुणालाच उघडत नाही. बिलावर सिरियल नंबर आणि सहा महिन्यांची वॉरंटी लिहून घ्या. पैसे यूपीआयनं द्या, कार्ड घरीच असू द्या.