घरी आर्केड मशीन बनवायचंय, बोनस त्यात घालू का?

कोथरूडच्या एका वाचकाने विचारलंय. वय ३६, हातात पगार ७८ हजार, होम लोनच्या हप्त्यासकट महिन्याचा खर्च ५४ हजार, एसआयपी १२ हजार, एफडी १ लाख ९० हजार. यंदा ७० हजार बोनस आलाय. लहानपणी व्हिडिओ गेम पार्लरमध्ये उभं राहून खेळायचो तसं मोठं आर्केड कॅबिनेट घरात हवंय, आठ वर्षांच्या मुलीबरोबर खेळायला. सुतारकाम कधी केलेलं नाही. एकतर २४ हजाराची मशीनं (जिगसॉ, सर्क्युलर सॉ, लाकडात खाच पाडायचा राउटर, ड्रिल) घेऊन स्वतः बनवायचं, नाहीतर तयार कॅबिनेट ८५ हजाराला नो कॉस्ट ईएमआयवर घ्यायचं, काय करू?

नमस्कार दादा, आधी एक सांगते, ही हौस मला उधळपट्टी वाटत नाही. बोनसचे ७० हजार वीस वर्षं वर्षाला १० टक्क्यांनी वाढले तर साधारण ४ लाख ७० हजार होतात हे गणित कोणीही तुम्हाला करून दाखवेल, आणि ते बरोबरच आहे, पण मुलगी आठ वर्षांची आत्ताच आहे ना. त्यामुळे "करू नका" असं मी म्हणणार नाही, फक्त पैसे कुठल्या क्रमाने घालायचे ते बघू.

तयार मशीनचं आधी संपवते. ८५ हजार बारा हप्त्यात म्हणजे महिन्याला ७ हजाराच्या वर, आणि तुमच्याकडे खर्च आणि एसआयपी जाऊन उरतात १२ हजार, म्हणजे निम्म्याहून जास्त शिल्लक वर्षभर अडकली. नो कॉस्टमध्येही बँक व्याज धरतेच, ते सूट म्हणून वळतं करतात, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी बहुतेक वेळा तुमच्याच माथी येते. दुकानदाराला रोख भाव विचारून बघा, तो कमी निघाला तर फरक कोण भरतंय ते लगेच कळेल. शिवाय "हजारो गेम्स फुकट" म्हणून जे भरून देतात त्यातल्या बऱ्याच गेम्सचं लायसन्स नसतं. हा पर्याय मी सोडून देईन.

आता बोनस. अडीअडचणीसाठी सहा महिन्यांचा खर्च म्हणजे ३ लाख २४ हजार बाजूला हवेत, तुमच्याकडे १ लाख ३४ हजार कमी आहेत. म्हणून बोनसमधले ४५ हजार सरळ एफडीत किंवा लिक्विड फंडात टाका, राहिलेली ८९ हजाराची तूट महिन्याच्या १२ हजारातून साधारण साडेसात महिन्यात भरून निघेल. मशीनसाठी २५ हजार, वेगळ्या खात्यात, आणि ते संपले की थांबायचं, कार्ड काढायचं नाही.

२५ हजारात होईल का? होईल, पण २४ हजाराची मशीनं घेऊन नाही होणार, कारण मग प्लायलाच पैसे उरत नाहीत. आणि खरं सांगू का, पहिल्यांदा राउटर हातात धरणारा माणूस पहिला शीट बहुतेक वाया घालवतो, तो खर्च कोणी बजेटमध्ये लिहीतच नाही. राउटर इथे मुख्यतः लागतो कडेला टी-मोल्डिंग (टी आकाराची प्लास्टिकची पट्टी) बसवायची खाच पाडायला, तिथे इस्त्रीने चिकटणारी एज बँडची पट्टी लावली की राउटरची गरजच संपली. कटिंग भवानी पेठेत टिंबर मार्केटला प्लाय घेताना मापं देऊन करून घ्या, आणि बाजूच्या वळणाच्या फळ्यांसाठी सुताराची अर्ध्या दिवसाची मजुरी द्या, दोन्ही फळ्या एकावर एक क्लॅम्प करून एकदम कापायला सांगा म्हणजे डावी उजवी सारखी येते. ड्रिल तेवढं घ्या, ते घरात पुढेही लागतं.

सगळ्यात महत्त्वाचं, लाकूड शेवटी. जॉयस्टिक, बटणं, यूएसबी एन्कोडर (बटणं कॉम्प्युटरला जोडणारं छोटं सर्किट), मॉनिटर हे चुकलं तरी दुसऱ्या डब्यात बसतं, विकलंही जातं, पण चुकीचा कापलेला प्लाय फक्त जागा अडवतो. म्हणून आधी घरातल्या जुन्या पीसीवर मेम (MAME) टाका (जुने आर्केड गेम कॉम्प्युटरवर चालवणारं १९९७ पासूनचं एम्युलेटर आहे, पैसे लागत नाहीत), दोन खेळाडूंचा जॉयस्टिक-बटणांचा सेट घ्या, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तापकीर गल्लीत सुटे भाव विचारून मगच ऑनलाइन मागवा, आणि टीव्हीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर भोकं पाडून महिनाभर खेळा. कुठले गेम खेळणार त्यावर खर्च ठरतो, १९८० च्या पॅकमॅनला नुसती एक जॉयस्टिक पुरते, खेळताना बटणच लागत नाही, आणि १९९१ च्या स्ट्रीट फायटर टू ला एका खेळाडूला सहा बटणं. मुलीला काय आवडतं ते त्या महिन्यात कळेल. बटणं हातात आल्याशिवाय होल सॉ (ड्रिलला लावून गोल भोक पाडायचं पातं) घेऊ नका, काहींना २८ मिमीचं भोक लागतं काहींना ३० चं.

उभं मोठं कॅबिनेट लगेच नको असं माझं ठाम मत आहे, टेबलावर ठेवायचं बारटॉप करा. मोठ्याला १८ मिमीचे दोन-तीन शीट जातात, एकेक शीट तीसेक किलो, मग ते लिफ्टमधून आणि बेडरूमच्या दारातून नेणं आलं. बारटॉपला एक शीट पुरून उरतो, बीडब्ल्यूआर (पाण्याला टिकणारा) प्लाय चौरस फुटाला शंभराच्या आसपास धरला तर आठ बाय चारचा शीट तीन-साडेतीन हजारात बसतो. एमडीएफ (लाकडाच्या भुश्शाचा दाबून केलेला बोर्ड) स्वस्त पडतो म्हणून मोह होईल पण पाणी लागलं की तो फुगतो आणि आपला पावसाळा तुम्हाला माहितीये, शिवाय त्याची धूळ फार बारीक, फ्लॅटमध्ये लहान मूल असताना तो कापूच नका. आत २३० व्होल्टची वायर कापून जोडाजोडी करायची नाही, चांगला अर्थिंगवाला स्पाइक गार्ड घ्या, तिथे पाचशे रुपये वाचवू नका.

माझा अंदाज, चौकोनी जुना मॉनिटर, बटणं, प्लाय, मजुरी, ड्रिल, रंग सगळं धरून १८ ते २० हजारात बारटॉप उभा राहील, उरलेले पाच हजार चुकांसाठी ठेवा, त्या होणारच. तूट भरून झाली आणि तरी मोठं कॅबिनेट हवंसं वाटलं तर ह्याच जॉयस्टिक-बटणांच्या पॅनलची मापं घेऊन करा, आणि तेव्हा जिगसॉ विकत घ्यायला माझी काही हरकत नाही.