बर्मी ‘ए’काराची जागा

प्रश्न : मी पाली भाषेचा अभ्यास करतो. ‘एवं मे सुतं’ या शब्दांनी सुरू होणारी काही सुत्ते (बुद्धाची प्रवचने) मला बर्मी लिपीतील जुन्या फाइलींमध्ये मिळाली. नव्या फोनवर ती उघडली की ‘मे’ या अक्षराची मात्रा ‘म’पासून सुटून ठिपक्यांच्या वर्तुळाला चिकटलेली दिसते, आणि ‘मे’ टाइप करून शोध घेतला तर एकही जागा सापडत नाही. या फाइली खराब झाल्या आहेत का?

उत्तर : फाइली खराब झालेल्या नाहीत. आजचा फोन जो नियम पाळतो, त्याहून वेगळ्या नियमाने त्या साठवलेल्या आहेत, एवढेच.

बर्मी लिपीत ‘ए’ची मात्रा अक्षराच्या डोक्यावर नव्हे, तर आपल्या ऱ्हस्व वेलांटीप्रमाणे डाव्या अंगाला काढतात. डोळ्याला आधी मात्रा दिसते आणि मग ‘म’. उच्चार मात्र आधी ‘म्’चा आणि मग ‘ए’चा. १९९९ साली म्यानमारची लिपी युनिकोडमध्ये, म्हणजे जगातील लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, आली, तेव्हा उच्चाराचा क्रम स्वीकारला गेला. ‘म’चा क्रमांक १०१९ आणि मात्रेचा १०३१ असल्याने ‘मे’ हे १०१९, १०३१ असे साठवायचे आणि मात्रा डावीकडे नेऊन दाखवण्याचे काम फॉन्टने करायचे, असा हा नियम आहे. देवनागरीतील ‘कि’ही असाच साठवला जातो.

परंतु असे हलवून दाखवण्याची सोय अनेक संगणकांत आणि फोनांत बराच काळ नव्हती. त्या काळात म्यानमारमध्ये ‘झॉजी’ हा फॉन्ट घरोघरी पोहोचला. त्याने दिसेल तसेच साठवण्याचा मार्ग धरला, म्हणजे ‘मे’साठी आधी १०३१ आणि मग १०१९. आपल्या जुन्या मराठी फॉन्टांतही ‘कि’ लिहिताना आधी वेलांटी आणि मग ‘क’ असाच क्रम असे. तो टंकलेखन यंत्राकडून आला होता. झॉजीच्या फाइलीत शब्दारंभी आलेल्या १०३१ला युनिकोडच्या नियमाने टेकायला आधी व्यंजनच मिळत नाही, म्हणून फोन तिथे ठिपक्यांचे वर्तुळ काढून दाखवतो. शोधही याच कारणाने फसतो, कारण तुम्ही टाइप केलेला क्रम फाइलीतील क्रमाच्या नेमका उलट असतो.

दिसेल तसे साठवणे ही मुळातच चूक आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. थाई लिपीत डावीकडचे स्वर आजही अधिकृतपणे व्यंजनाच्या आधीच साठवले जातात. फक्त शब्दकोशाप्रमाणे क्रम लावताना त्यांची अदलाबदल करावी लागते. तिथे सगळे एकच नियम पाळतात, म्हणून ते निभावते. म्यानमारमध्ये त्याच क्रमांकांवर दोन नियम एकाच वेळी चालू राहिले, आणि खरे दुखणे तेच होते. शिवाय जोडाक्षरांच्या खालच्या अक्षरांसाठी झॉजीने जे क्रमांक वापरले, त्यांतील अनेक क्रमांक युनिकोडने शान, मोन, करेन या भाषांच्या अक्षरांना दिले. या भाषा बोलणाऱ्यांना त्यामुळे आपली अक्षरे झॉजीच्या फोनवर नीट वाचताच येत नसत, ही गोष्ट मला सर्वांत अन्यायाची वाटते. अखेर १ ऑक्टोबर २०१९ पासून म्यानमार सरकारने युनिकोडकडे वळण्याचा अधिकृत निर्णय अमलात आणला.

आता तुमच्या फाइलींविषयी. मूळ प्रत बाजूला जपून ठेवा आणि दुसऱ्या प्रतीवर झॉजीतून युनिकोडमध्ये रूपांतर करणारे साधन चालवा. ते एकदाच चालवा. आधीच युनिकोडमध्ये असलेल्या मजकुरावर ते चालवले, तर चांगला मजकूर बिघडतो. त्यानंतर ‘बुद्ध’, ‘धम्म’, ‘भिक्खु’ अशा शब्दांतील जोडाक्षरे छापील प्रतीशी ताडून पाहा. पालीत जोडाक्षरे पदोपदी येतात आणि रूपांतरातील चुका बहुधा तिथेच राहून जातात.