सरकारी विद्यापीठाच्या बी-स्कूलचे उद्योगांशी खरंच संबंध असतात, की ते माहितीपत्रकापुरतेच?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऐरोलीत नोकरी सांभाळून मुंबई विद्यापीठाच्या जमनालाल बजाज या मॅनेजमेंट संस्थेतून तीन वर्षांचा संध्याकाळचा कोर्स करावा का, आणि 'इंडस्ट्री कनेक्ट' म्हणून जे सांगतात ते सरकारी विद्यापीठात खरोखर असतं का. मी तिथून १९९८ ते २००१ मध्ये एमएमएम केलं, म्हणजे मार्केटिंगची पार्ट-टाइम पदवी. तेव्हा मुलुंडच्या एका प्लास्टिकच्या कारखान्यात परचेसला होतो. त्यामुळे माझं उत्तर थोडं जुनं आणि बरंचसं पक्षपाती असणार, ते धरून चाला.

आधी पत्ता बघा. बजाज म्हणजे १६४, बॅकबे रेक्लमेशन. शेजारी १६३ ला तेव्हा आयसीआयसीआय. १६५-१६६ ला लिव्हर हाऊस, म्हणजे साबण-शाम्पू बनवणाऱ्या हिंदुस्तान लिव्हरचं (आताच्या हिंदुस्तान युनिलिव्हरचं) मुख्यालय. दोन पावलं पुढे १६९ ला रॅमॉन हाऊस, म्हणजे घरकर्ज देणारी एचडीएफसी. आणि हा सगळा संसार ज्या रस्त्यावर, त्याला नाव एचडीएफसी उभी करणाऱ्या एच. टी. पारेख यांचं. १९६५ मध्ये विद्यापीठाने स्टॅनफर्डच्या बिझनेस स्कूलच्या मदतीने ही संस्था काढली हे माहितीपत्रकात ठळक छापतात. छापू देत. पण माझ्या मते स्टॅनफर्डपेक्षा शेजारपाजारच जास्त कामाला आला. आयसीआयसीआय बँकेच्या माजी प्रमुख चंदा कोचर इथून एमएमएस, म्हणजे मॅनेजमेंटची फुल-टाइम पदवी, करून १९८४ मध्ये आयसीआयसीआयमध्ये ट्रेनी म्हणून लागल्या. नितीन परांजपे १९८७ मध्ये लिव्हरमध्ये गेले आणि २००८ मध्ये तिचे प्रमुख झाले. आम्ही गमतीने म्हणायचो, यांनी करिअर केलं म्हणजे काय, कंपाउंडची भिंत ओलांडली.

आता आत काय चालायचं ते सांगतो. साडेसहाचं लेक्चर. मी मुलुंडहून पावणेपाचला निघायचो, साहेबांची नजर चुकवून. वर्गात पोचेपर्यंत शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, बॅगेत सकाळचा अर्धा उरलेला डबा. शिकवायला येणारे बरेचसे आमच्यासारखेच दिवसभर ऑफिसात राबून आलेले. डिस्ट्रिब्यूशन शिकवणारे एक सर होते, साबण-शाम्पूच्या धंद्यात सेल्सला. पहिल्याच दिवशी त्यांनी खिशातून एक रुपयाच्या शाम्पूच्या पुड्यांची माळ काढली, एक पुडी टर्रकन तोडून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "हा रुपया कोणाकोणाच्या खिशात जातो, मांडा." आम्ही पुस्तकातलं मांडलं. दुकानदाराचं इतकं, स्टॉकिस्टचं इतकं, बाकी कंपनीचं. ते शांतपणे ऐकत होते. मग विचारलं, "आणि उंदराने कुरतडलेल्या माळा? त्या कोणाच्या खात्यात?"

त्यावर मागच्या बाकावरचा, रंगाच्या कंपनीतला एक जण उठला. म्हणाला, "सर, आमच्याकडे डब्याला उंदीर लागत नाही, पण डीलर तीन-तीन महिने पैसेच देत नाही. तो खर्च कुठे धरायचा?" पुढचा तासभर सर आणि तो असे भांडले की पुस्तक कोणी उघडलंच नाही. उधारीचं व्याज मालाच्या किमतीत कसं दडलेलं असतं हे मला त्या तासाला कळलं. दुसऱ्या दिवशी कारखान्यात जाऊन मी आम्हाला प्लास्टिकचा दाणा, म्हणजे कच्चा माल, पुरवणाऱ्यांचे दर काढून बसलो. जो सगळ्यात स्वस्त वाटत होता तो फक्त रोखीने माल देत होता. साठ दिवसांची उधारी देणारा हिशेबाअंती त्याच्यापेक्षा परवडत होता.

उद्योगाशी संबंध म्हणजे माझ्या लेखी हा. उद्योग शिकवायला तर आलेलाच असतो, पण तो शेजारच्या बाकावरही बसलेला असतो. फुल-टाइमच्या पोरांना प्लेसमेंटला कंपन्या येतात, त्याचा गाजावाजा होतो, आणि आयआयएमच्या मानाने कमी फीमध्ये तिथे पोचता येतं हेही खरं. (आयआयएम अहमदाबादची दोन वर्षांची फी आता वीस लाखांच्या वर आहे.) पण संध्याकाळच्या वर्गाला प्लेसमेंट नसते, आणि तशी अपेक्षा ठेवून येऊही नका. तो रंगवाला पुढे आमचा गिऱ्हाईक झाला, डब्यांची झाकणं आमच्याकडून घ्यायचा. ते कुठल्या कमिटीने जुळवलेलं नव्हतं.

एक कडू गोष्टही सांगायला हवी. बाहेरचे लोक शिकवायला येतात यात निव्वळ दूरदृष्टी नसते. राज्यातल्या विद्यापीठांत कायम प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहतात, मग बाहेरून तासापुरत्या येणाऱ्या व्हिजिटिंग शिक्षकांवर भागवावं लागतं. मुंबईत ते खपून जातं, कारण माणसं मिळतात. तालुक्याच्या गावी कुठून आणणार?

मला याचा अनुभव दुसऱ्या बाजूने आला. काही वर्षांपूर्वी एका विद्यापीठाच्या मॅनेजमेंट विभागाने (मुंबईचं नव्हे, नाव राहू द्या) आमच्या कंपनीबरोबर सामंजस्य करार केला. शाल, श्रीफळ, फोटो, सगळं यथासांग. मी चार लेक्चरं घेतली. मुलं हुशार होती, एकीने तर आमच्या पॅकिंगच्या खर्चातली चूक काढून दाखवली. मानधनासाठी कॅन्सल्ड चेक, पॅन आणि तीन प्रतींत फॉर्म दिला, त्यावर रेव्हेन्यू स्टॅम्प लावून सही केली. पैसे चौदा महिन्यांनी आले, टीडीएस कापून. पैशाचं जाऊ द्या. पण त्या करारानंतर आम्हाला ना एखाद्या इंटर्नसाठी फोन आला, ना अभ्यासक्रमाबद्दल कोणी काही विचारलं. पुढे नॅकची, म्हणजे विद्यापीठ-कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेची, तपासणी जवळ आली तेव्हा मात्र ईमेल आला: कराराची आणि कार्यक्रमांच्या फोटोंची प्रत तातडीने पाठवा. नॅकच्या मूल्यांकनात असे करार मोजतात. त्यामुळे कोणी 'आमचे चाळीस उद्योगांशी करार आहेत' म्हणालं की मी विचारतो, गेल्या वर्षी त्यातल्या किती कंपन्यांतून माणूस येऊन वर्गात उभा राहिला?

बजाजचंही सगळं आबादीआबाद आहे असं समजू नका. २०१४ मध्ये स्वायत्तता मिळाली, म्हणजे अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतःच्या हातात आल्या, हे चांगलं झालं. पण शेजार गेला. आयसीआयसीआय बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, गेली, लिव्हर २०१० च्या आसपास अंधेरीला गेली, एचडीएफसी २०२३ मध्ये एचडीएफसी बँकेत विलीन झाली. पूर्वी लिव्हरचा मॅनेजर सहाला ऑफिसातून उतरून सव्वासहाला वर्गात चहा पीत असायचा. आता त्याच माणसाला अंधेरीहून चर्चगेटला, म्हणजे गर्दीच्या उलट दिशेने का होईना, पण तासभर यावं लागतं, आणि रात्री परत जावं लागतं. असे येणारे अजून आहेत, पण ते हौसेने येतात. हौसेवर संस्था किती वर्षं चालते, देव जाणे. पुण्यातल्या पुम्बाची, म्हणजे १९७१ पासूनच्या पुणे विद्यापीठाच्या विभागाची, गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथे पिंपरी-चिंचवडचे कारखाने जागचे हललेले नाहीत. पण तुम्ही ऐरोलीत, तेव्हा पुणे सोडून द्या.

तुम्ही प्रवेश घ्यायच्या आधी दोन गोष्टी करा. सध्याच्या दुसऱ्या वर्षाच्या कोणाला तरी गाठून विचारा की तुझ्या वर्गात कोण कोण कुठल्या धंद्यातले आहेत. सगळे आयटी आणि बँकेतलेच निघाले तर माझ्या रंगवाल्यासारखं भांडायला कोणी मिळणार नाही, त्याचा विचार करा. आणि एखाद्या मंगळवारी ऑफिसातून नेहमीच्या वेळी निघून खरोखर चर्चगेटला जाऊन बघा. ऐरोली ते ठाणे, ठाण्याहून फास्टने दादर, तिथे पूल ओलांडून पश्चिम रेल्वे. साडेसहाला पोचलात तर फॉर्म भरा. सव्वासातला पोचलात तर आधी साहेबांशी बोला. मी पहिलं सेमिस्टर ते न बोलता काढलं आणि डिस्ट्रिब्यूशनची पहिली वीस मिनिटं कायम दुसऱ्याच्या वहीतून उतरवली.