हेडमधल्या किसाने इंजिन गेले, भरपाई कोणाकडून?

प्रश्न : दारव्हा तालुक्यात माझी सहा एकर शेती आहे. घरचे झाले की गावात भाड्याने ट्रॅक्टर चालवतो. मे महिन्यात मेकॅनिकने इंजिनचे हेड, म्हणजे सिलिंडरवरचे झाकण, उतरवून अमरावतीच्या लेथवाल्याकडून व्हॉल्व्हच्या सीट व गाईड बदलून आणले आणि त्याच संध्याकाळी नुसती हवा मारून बसवले. सगळे मिळून १८,५०० रुपये दिले. १२,००० फोनवरून, बाकी रोख. पक्के बिल नाही. पेरणीत अकरा-बारा तास चालल्यावर खडखड आवाज येऊन इंजिन जाम झाले. मेकॅनिक म्हणतो, रेडिएटरमध्ये पाणी नव्हते. ट्रॅक्टर त्याच्याकडेच उभा आहे. खोलायचे आणखी ६,००० मागतो, नाहीतर नेऊ देत नाही. दुसऱ्या मिस्त्रीचा अंदाज आहे की हेडात लेथचा कीस, म्हणजे धातूचा बारीक भुगा, राहिला. पोलिसात जाऊ की ग्राहक न्यायालयात?

उत्तर : ग्राहक आयोगात. पोलिसात गेल्याने हाती काही लागणार नाही. काम हलगर्जीपणे केले म्हणून फसवणूक होत नाही. त्यासाठी सुरुवातीपासून फसवायचा हेतू दाखवावा लागतो. पण तक्रार लिहायच्या आधी पुरावा वाचवा, कारण तो सगळा बंद इंजिनात आहे आणि इंजिन समोरच्याच्या अंगणात.

आजच जाऊन हेडच्या प्रत्येक नटावर, नटापासून हेडपर्यंत जाईल असा, रंगाचा पट्टा ओढा आणि फोटो काढा. नट फिरला की पट्टा तुटतो. ऑइल काढू देऊ नका, फिल्टर फेकू देऊ नका. मग मेकॅनिक आणि लेथवाला या दोघांनाही स्पीड पोस्टने पोचपावतीसह नोटीस द्या : अमुक तारखेला, अमुक वाजता, दोन पंच आणि त्रयस्थ जाणकारासमोर इंजिन खोलले जाईल, हजर राहा. आठ दिवसांची मुदत पुरे. जाणकार म्हणून आयटीआयचे मोटर मेकॅनिकचे निदेशक किंवा वाहनांचे सर्व्हेअर चालतील. त्यांचे लेखी मत पुढे शपथपत्रावर लागेल. अंदाज सांगणारा मिस्त्री तुमच्या ओळखीचा असेल तर त्याला जाणकार करू नका.

खोलताना काय पाहायचे ते नीट समजून घ्या, कारण निकाल इथेच फिरतो. सिलिंडरमध्ये धातूचे कण सापडले एवढ्याने काही सिद्ध होत नाही. ते पिस्टनचे किंवा रिंगचेच आहेत, असे मेकॅनिकचा वकील म्हणेल, आणि ते शक्यही आहे. कण हेडमध्ये शोधा. पाण्याच्या मार्गात, स्प्रिंगच्या खोबणीत, रॉकरकडे (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांडीकडे) जाणाऱ्या ऑइलच्या छिद्रात कीस निघाला, तर तो तिथे सिलिंडरमधून चढलेला नाही. विशेषतः पाण्याच्या मार्गात पिस्टन-रिंगचा तुकडा पोचूच शकत नाही. सीट-गाईडचे काम झाल्यावर हेड सगळे सुटे करून रॉकेल किंवा डिझेलने, मग गरम साबणाच्या पाण्याने, प्रत्येक छिद्रात नायलॉनचा ब्रश फिरवून धुवायचे, उलटे करून ठोकायचे, मग हवा मारायची आणि पांढरा कपडा स्वच्छ निघेपर्यंत पुसून लगेच ऑइलचा हात द्यायचा, ही रीत आहे. नुसती हवा मारली की कीस एका छिद्रातून उडून दुसऱ्या कोपऱ्यातल्या ऑइलला चिकटतो. इंजिन तापून ऑइल पातळ झाले की तो सुटतो. म्हणून 'एवढे तास चालले ना' हा बचाव टिकत नाही.

दुसरी खूण नुकसानीची. कीस इनलेटमधून (हवा आत घेण्याच्या वाटेने) आत गेला असेल तर बहुधा एखाद्याच सिलिंडरमध्ये पिस्टनच्या माथ्यावर खड्डे आणि लायनरवर (सिलिंडरच्या आतल्या नळीवर) उभे, धारदार ओरखडे दिसतात. पाणी संपून तापलेल्या इंजिनात सहसा एकाहून जास्त पिस्टन घासून चोपडलेले, गॅस्केट जळालेली आणि हेड वाकलेले मिळते. हेडवर सरळ पट्टी ठेवून खालची फट फिलर गेजने (पातळ पात्यांच्या मापाने) मोजून घ्या आणि आकडा पंचनाम्यात लिहा. लायनर स्वच्छ आणि फक्त क्रँकचे बेअरिंग गेलेले निघाले, तर स्पष्ट सांगतो, तुमची बाजू कमजोर आहे. निघालेला कीस पारदर्शक डबीत, डबीवर पंचांच्या सह्या.

आता अडवलेल्या ट्रॅक्टरचे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० प्रमाणे कारागिराला केलेल्या कामाच्या बाकी मजुरीसाठी वस्तू ठेवून घेता येते. तुमची बाकी शून्य आहे आणि खोलायचे काम तुम्ही सांगितलेलेच नाही. हे नोटिशीत लिहा.

गाडी भाड्याने चालवता म्हणून 'तुम्ही ग्राहक नाही' हा आक्षेप हमखास येईल. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(७) च्या स्पष्टीकरणात स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीचा वापर व्यापारी धरलेला नाही. १९९५ च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने एक-दोन मदतनीस घेतल्यानेही ग्राहकपण जात नाही असे म्हटले आहे. तक्रारीत 'ट्रॅक्टर मी स्वतः चालवतो' हे वाक्य पहिल्या परिच्छेदातच हवे.

कलम ३४ नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार चालते, म्हणून यवतमाळच्या जिल्हा आयोगात. अमरावतीला खेटे नकोत. दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत, म्हणून फी नाही. मुदत दोन वर्षे. दोघांनाही पक्षकार करा, पण मुख्य बोट मेकॅनिककडे ठेवा : लेथवाल्याने धुतले असो वा नसो, बसवण्याआधी धुणे मेकॅनिकचे काम होते. बिल नाही याची काळजी नको. बँकेचा उतारा आणि फोनवरचे संदेश आहेत. त्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे, प्रमाणपत्र जोडून ठेवा.

भरपाईत दुरुस्तीचा खर्च, पहिले १८,५०० आणि पेरणीसाठी दुसऱ्याचा ट्रॅक्टर लावला असेल तर त्याची पावती. बुडालेल्या भाड्याचा फुगवलेला आकडा टाकू नका. वहीत नोंद असेल तेवढाच मागा.

मेकॅनिक 'फुकट करून देतो' म्हणाला तर हरकत नाही. कोणते सुटे भाग, कोणाच्या खर्चाने, किती दिवसांत, हे कागदावर घ्या आणि जुने पिस्टन, लायनर व किसाची डबी काम नीट चालेपर्यंत तुमच्याच घरी ठेवा.