पट्टी उतरवण्याआधी स्वरतंतू पाहून घ्या

ताई, वरचे स्वर फाटू लागल्याने पट्टी (गाण्याचा आधारस्वर) उतरवावी का, हे साताऱ्याहून तुम्ही लिहिलेले वाचले आणि चाळिशीनंतरची माझी ती दोन-तीन वर्षे डोळ्यांसमोर उभी राहिली. काळी चारमध्ये (हार्मोनियमची चौथी काळी पट्टी षड्ज धरून) इतकी वर्षे सहज गाणारा गळा तार गंधाराच्या, म्हणजे वरच्या सप्तकातल्या ‘ग’च्या, पुढे फाटू लागणे, सकाळी आवाज लवकर न उघडणे, गुरुजींनी रियाज वाढवायला सांगणे आणि घरच्यांनी वयाकडे बोट दाखवणे, हे सारे मी इथे सांगलीत भोगले आहे. खर्जाचा (खालच्या स्वरांचा) रियाज, वाफ, कोमट पाणी या गोष्टी तुम्ही करतच असाल, म्हणून त्यांत शिरत नाही. पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिले आहे की पाळीच्या त्रासासाठी हार्मोनच्या गोळ्या चालू आहेत. माझे उत्तर मुख्यतः त्या वाक्याला आहे.

वयाने आवाज बदलतो, यात शंका नाही. स्वरयंत्रातील कूर्चा हळूहळू कठीण होत जातात, स्नायू बारीक होतात, फुफ्फुसांची लवचीकता कमी होते आणि दमसास तोकडा पडतो. पाळी जाण्याच्या सुमारास बायकांच्या स्वरतंतूंना किंचित सूज आणि जाडी येते, त्यामुळे आवाज खाली सरकतो. पुरुषांचा आवाज उतारवयात उलट थोडा वर चढतो. पण हा बदल वर्षानुवर्षे, नकळत होत जातो. काही महिन्यांत वरचे स्वर गेले आणि बोलण्याचा आवाजही जाड झाला, तर त्याला वय म्हणून मोकळे होऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

माझ्या बाबतीत नेमके तेच झाले. अतिरक्तस्रावासाठी मी एका रुग्णालयात जात होते. त्याचे नाव इथे घेत नाही. तिथे मला डॅनॅझॉल दिले गेले. हे औषध पुरुषी संप्रेरकासारखा परिणाम करते, त्याने काही बायकांचा आवाज जाड होतो आणि औषध थांबवल्यावरही तो पूर्ववत येईलच याची खात्री नसते. ही माहिती औषधाच्या डब्यातल्या बारीक अक्षरांच्या कागदावर छापलेली असते. केसपेपरवर व्यवसायाचा रकाना होता आणि त्यात मला विचारण्याआधीच ‘गृहिणी’ असे लिहिले गेले होते. मी गाते, गाणे शिकवते, त्यावर घराचा निम्मा खर्च चालतो, हे त्या टेबलापलीकडच्या कोणीही विचारले नाही. आवाज बसू लागल्यावर मी तक्रार घेऊन गेले, तेव्हा मला घसा धुण्याचे औषध लिहून दिले; पुढच्या वेळी आम्लपित्ताच्या गोळ्या दिल्या; त्यानंतर ‘या वयात असे होतेच’ असे सांगून पुढच्या रुग्णाला आत बोलावले. मूळ गोळ्या चालूच राहिल्या. पुढे मिरजेतल्या एका कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बिणीतून स्वरतंतू पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला तो चालू औषधांचा. तोवर जे जायचे ते गेले होते. त्या रुग्णालयात जुने कागद मागायला गेले तर फाइल सापडत नाही असे उत्तर मिळाले. हे लिहिताना आजही संताप होतो, कारण एका साध्या प्रश्नाने हे टळले असते.

मी डॉक्टर नाही, हे आवर्जून सांगते. सगळ्याच हार्मोनच्या गोळ्यांनी आवाज जात नाही आणि माझे वाचून गोळ्या परस्पर बंद करू नका. फक्त औषधाचे मूळ नाव वाचा, डॉक्टरांना ‘मी गायिका आहे, याचा आवाजावर परिणाम होतो का’ असे स्पष्ट विचारा आणि केसपेपरवर तसे लिहून घ्या. थायरॉइडची रक्ततपासणीही करून घ्या, कारण ते कमी असले तरी आवाज जड होतो. स्वरतंतूंची तपासणी शक्यतो स्ट्रोबोस्कोपीने करा. तीत तंतूंची कंपने संथ झाल्यासारखी दिसतात आणि साध्या दुर्बिणीतून निसटणारी बारीक गाठ किंवा ताठपणा कळतो. त्याची चित्रफीत मागून घ्या आणि जपून ठेवा. हे होईपर्यंत रियाज वाढवू नका. गुरुजींविषयी पूर्ण आदर ठेवून म्हणते की सुजलेल्या स्वरतंतूंवर ताना घोटल्याने सूज उतरत नाही.

आता पट्टीविषयी. तपासणीत काही निघाले नाही आणि बदल वयाचाच ठरला, तर पट्टी उतरवण्यात कसलाही कमीपणा मानू नका. काळी चारमधला तार पंचम सुमारे ६२२ हर्ट्झवर लागतो, पांढरी चारमध्ये तोच सुमारे ५२३ वर येतो. गळ्याला किती सूट मिळते ते यावरून दिसेल. एकदम तीन पट्ट्या न उतरता आधी पांढरी पाच, मग काळी तीन असे जावे, असा माझा अनुभव आहे. तंबोऱ्याच्या तारा मात्र नुसत्या सैल करू नका. मी तसा तंबोरा ऐकला आहे. तार लोळते, जवारी (घोडीवरून तारेला मिळणारा गुंजता नाद) मरते आणि षड्जच धूसर ऐकू येतो. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत नेऊन जाड तारा चढवून जवारी नव्याने काढून घ्या, साताऱ्याहून तेवढी खेप करण्यासारखी आहे.

शास्त्रीय गायिका गंगूबाई हनगलांच्या १९३० च्या दशकातल्या ध्वनिमुद्रिका ऐका. तिथला आवाज बारीक आणि टोकदार आहे. टॉन्सिलच्या उपचारांनंतर तो जाड झाला आणि आपण ज्या गंगूबाई ओळखतो त्या त्या जाड आवाजातल्या आहेत. गायक कुमार गंधर्वांचे स्वरतंतू शाबूत होते, पण क्षयाने एक फुफ्फुस निकामी झाले, आणि देवासमधल्या त्या आजारपणानंतर त्यांनी छोट्या, तुटक वाटाव्यात अशा स्वरवाक्यांतून सगळे गाणे पुन्हा उभे केले. दोघांनीही आपल्या जुन्या आवाजाची नक्कल करत बसण्यात वर्षे घालवली नाहीत, हे मला फार मोलाचे वाटते.

तूर्त सोहनी, अडाणा, बहार हे वरच्या स्वरांत रमणारे राग बाजूला ठेवा. पूरिया, दरबारी घ्या, जिथे मंद्र (खालच्या) सप्तकात आणि पूर्वांगात, म्हणजे सप्तकाच्या पहिल्या अर्ध्यात, काम आहे. माझ्या मंद्रात पूर्वी नसलेला भरीवपणा आला आहे, तुमच्याही येत असेल. जाड झालेल्या आवाजाला गमक (स्वरांची जोरकस आंदोलने) चांगली शोभते, पण ती तपासणीचा निकाल हाती आल्यावरच सुरू करा. औषधाचे नाव कळले की इथे जरूर लिहा. इतर गायिकांनाही त्याचा उपयोग होईल.