स्वतःच्याच विनोदाची चिरफाड करणाऱ्या स्टँड-अपमध्ये हसण्यासारखं काय असतं? समजावला की जोक मरतो ना?

पडलेल्या जोकची सारवासारव वेगळी आणि ही चिरफाड वेगळी. माझा मेव्हणाही अगदी तुमच्यासारखंच बोलतो, म्हणून जरा चिडूनच लिहितोय.

पुण्यात ओपन माइकला, म्हणजे कुणीही मंचावर येऊन सादर करावं अशा कार्यक्रमाला, मी आत्याचा एक किस्सा करायचो. लग्नाच्या पंगतीत आत्या सगळ्यांदेखत विचारते, "पगार एवढाच? मग पोरगी कोण देणार तुला?" हमखास हशा. तो ओसरला की मी म्हणायचो, "आत्या असं काही बोललीच नव्हती. ती म्हणाली, 'बारीक झालास रे, अजून एक जिलबी घे.' पण जिलबीवर तुम्ही हसला असता का? म्हणून म्हातारीला खाष्ट केली." मग गप्प. माइक स्टँडला अडकवायचा, पाण्याची बाटली उघडायची, सावकाश एक घोट. लोक चुळबुळतात, कोपऱ्यात कुणीतरी फिसकन हसतं आणि मागोमाग सगळे. हा हशा पहिल्यापेक्षा मोठा. ती बाटलीसुद्धा माझ्या वहीत लिहिलेली आहे! मेव्हणा मात्र बाहेर टपरीवर चारचौघांत म्हणाला, "मधे विसरलास ना? बरं सावरलंस."

इंग्लंडचा स्टुअर्ट ली यातला बाप माणूस. बीबीसीवरच्या 'कॉमेडी व्हेइकल'मध्ये (२००९ ते २०१६) तो उशिरा हसणाऱ्यांना झापतो, विनोद कसा जुळवलाय ते उलगडून सांगतो. हा माणूस विसरला होता म्हणायचं का?

ऑस्ट्रेलियाच्या कॉमेडियन हॅना गॅड्सबीचं २०१८ साली नेटफ्लिक्सवर आलेलं स्टँड-अप 'नॅनेट' तर बघाच. बसस्टॉपवर अंगावर आलेल्या माणसाचा किस्सा आधी हसवून जातो. बऱ्याच वेळाने कळतं की तो माणूस परत आला होता आणि त्याने मारहाण केली होती. हशासाठी शेवट कापला होता. तिथे कुणी हसत नाही, आणि हसावं अशी अपेक्षाही नाही. म्हणजे तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर असं की दरवेळी हसायचं नसतंच.

बाकी, पहिला जोक मुळात चालला पाहिजे, ही अट आहेच. दर दोन मिनिटांनी "हा नाही चालला वाटतं" म्हणणारी नवी पोरं सारवासारवच करतात, तेवढ्यापुरतं मेव्हण्याचं खरं. पण त्याच कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग मी त्याला पाठवलंय, आधीच्या महिन्याचंही. दोन्हीत बाटली त्याच वाक्यानंतर उघडते. निळी टिक आलीय, उत्तर नाही.