जळगावच्या दुकानात टीव्हीच्या खोक्यावर कॉन्ट्रास्ट १०,००,०००:१ लिहिलंय, माझ्या लॅपटॉपचा १०००:१ आहे. टीव्ही खरंच हजारपट चांगला का?

नाही, ते दोन आकडे एका मापाचेच नाहीत. कॉन्ट्रास्ट म्हणजे पडद्यावरचा सर्वात उजळ पांढरा सर्वात गडद काळ्याच्या किती पट उजळ, ते. दहा लाखांचा आकडा बहुधा ‘डायनॅमिक’ कॉन्ट्रास्टचा असतो: पडदा पांढराशुभ्र असताना बॅकलाइट (पडद्यामागचा दिवा) फुल्ल, काळा असताना जवळजवळ बंद, आणि त्या दोन वेगळ्या क्षणांची तुलना. जाहिरातीपुरतं ठीक आहे. एकाच दृश्यात डोळ्यांना दिसतो तो ‘नेटिव्ह’ कॉन्ट्रास्ट. एलसीडी पडद्याच्या पॅनलचे आयपीएस आणि व्हीए हे दोन प्रकार; आयपीएसला तो साधारण १०००:१, व्हीएला ३००० ते ५०००:१. दुकानदाराला तोच विचारा. सांगता आला नाही तर निदान पॅनल कोणतं ते. ओएलईडी प्रकारच्या पडद्यात मात्र प्रत्येक पिक्सेल (चित्राचा ठिपका) स्वतः विझतो, म्हणून तिथला ‘इन्फिनिट’ (अमर्याद) कॉन्ट्रास्ट बराचसा खरा. पण आपल्याकडच्या उन्हात दार सताड उघडं ठेवून बघणार असाल, तर काचेवरच्या उजेडाने कुठल्याही पडद्याचा काळा रंग करडाच दिसेल.